चहाडखोर पट्टा

“‘आई मस्त झोपलीय’ असं तू मला लिहिलं होतंस,” दादा म्हणाला. हे तो तिसऱ्यांदा म्हणत होता, आणि दर खेपेला ‘मस्त’वर थोडा जास्त जोर देत होता. “मस्त. आणि ती तेव्हा बाथरूमच्या फरशीवर पडलेली होती.”

“मी माझ्या मनाने नाही लिहिलं. फोनच्या पडद्यावर तसं दिसत होतं.”

“आणि पडदा कुणी बनवला?”

आकडेबाईने गाजराची शेंडी उडवली आणि दुसरं गाजर घेतलं. पडदा तिनेच बनवला होता. सकाळपासून ती हेच वाक्य टाळत होती आणि दादा तिला फिरवून फिरवून तिथेच आणून उभी करत होता.

वहिनी स्वयंपाकघराच्या दाराला पाठ टेकून उभी होती. मधूनच ती “जाऊ द्या ना आता” म्हणायची, आणि ते अशा बेताने म्हणायची की निघालेलं भांडण अर्ध्या वाटेवरून माघारी यायचं. बाहेर सोफ्यावर आकडेबाईचा नवरा वर्तमानपत्राचं एकच पान मघापासून वाचत होता. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं, पण या घराची दारं नुसती नावाला. आत नातीच्या पलंगावर आई होती, खुब्याचं ऑपरेशन होऊन नुकतीच आणलेली. तिला सगळं ऐकू जातंय हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. दादा तर थोडं तिला ऐकू जावं म्हणूनच बोलत होता.

“मी केव्हापासून सांगतोय, तिला एकटं ठेवू नका. तर तू म्हणालीस, एकटी कुठे आहे, पट्टा आहे ना. जसा काही पट्टा तिला पाणी आणून देणार होता.”

“पट्टा तिने काढून ठेवला होता, दादा.”

“मग झोपलीय असं कोण सांगत होतं? रिकामा पट्टा?”

तेही खरंच होतं. पट्टा चमच्यांच्या खणात सापडला होता, दोन डावांच्या मध्ये, आणि आकडेबाईच्या फोनवर हिरव्या अक्षरांत ‘आराम’ असं दिसत होतं.

आकडेबाई हे नाव दादानेच ठेवलेलं. लहानपणी ती काहीही मोजायची. पाहुणा जेवून गेला की तो किती वेळा खोकला आणि किती वेळा ‘पुरे’ म्हणून परत वाढून घेतलं, हे ती त्याची पाठ वळताच जाहीर करायची. मोठेपणी याच खोडीचा तिला पगार मिळू लागला. ती विद्यापीठात शिकवायची, आणि संशोधन करायची ते मनगटावर बांधायच्या पट्ट्यांचं. पट्टा नाडी मोजतो, पावलं मोजतो, झोप मोजतो. एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या हातांवरून हे सगळे आकडे तिच्या विभागात येत, तिथे त्यांची छाननी होई. नाडी वेडीवाकडी चालायला लागली की पडद्यावर लाल ठिपका उमटे. ठिपका उमटला की विभागातली मुलगी त्या माणसाच्या मुलाला नाहीतर मुलीला फोन करी.

यामागे एक जुनी गोष्ट होती, आणि ती घरात कुणी काढत नसे. वडील गेले तेव्हा आकडेबाई कॉलेजात होती. घरी पाहुणे बसले होते, गप्पा रंगात आल्या होत्या. वडील “जरा पडतो” म्हणून आत गेले ते गेलेच. छातीत दुखत असणार, पण पाहुण्यांपुढे कशाला, म्हणून बोलले नाहीत. बाहेर सगळे हसत होते. माणूस स्वतः बोलत नसेल तर त्याच्या वतीने दुसऱ्या कशाने तरी बोलावं, ही तिची तेव्हापासूनची जिद्द. तिचं लग्न, बाळंतपण, पदव्या, केस पांढरे होणं हे सगळं या जिद्दीच्या सोयीने झालं होतं.

आईचा मात्र पट्ट्यावर पहिल्या दिवसापासून राग. ती जन्मभर टेलिफोन खात्यात होती, लोकांचे फोन जोडून द्यायची. कानावर काय काय पडायचं, पण तोंडातून कधी शब्द बाहेर गेला नाही, याचा तिला मोठा अभिमान. ती पट्ट्याला चहाडखोर म्हणायची. “जरा जिना चढले की लगेच तुझ्याकडे येऊन सांगतो. नोकरीत असा माणूस एक दिवस टिकला नसता.” पण लेकीचं काम म्हणून बांधायची. अभ्यासात नाव घातलेल्या पहिल्या माणसांत तीच होती.

आता प्रश्न एकच होता. आईला तिच्या घरी परत जायचं होतं. दोन खोल्या, तळमजला, अंगणाकडची खिडकी, खिडकीत शिवणाचं यंत्र. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते, “कुंड्यांना पाणी कोण घालतंय?” दादाच्या घरी तिची सोय नव्हती. तिथे वहिनीचे वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि वहिनीची कंबर त्यातच गेली होती. आकडेबाईच्या घराला लिफ्ट नव्हती. आईला खुर्चीत बसवून दोन माणसांनी चौथ्या मजल्यावर उचलून आणलं होतं, आणि आता ती माळ्यावर टाकलेल्या सामानासारखी वर येऊन पडली होती. आकडेबाई कामावर, नवरा नवी नोकरी शोधायला, नात शिकायला, अशी तिन्ही माणसं सकाळी बाहेर पडली की इथेही ती एकटीच. दिवसाची बाई मिळायची, पण आईने अशी एक बाई पूर्वी आठवड्याच्या आत पळवून लावली होती. रात्रीची तर मिळतच नव्हती. नोकरी सोडून घरी बसावं तर नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून घर आकडेबाईच्याच पगारावर चाललेलं.

दादाने एक जागा पाहून ठेवली होती. म्हाताऱ्या माणसांचं निवासस्थान. स्वच्छ आहे म्हणाला, फरशा घसरत नाहीत.

“तिला तिथे ठेवलं तर ती जगायची नाही,” आकडेबाई म्हणाली.

दादाही काही हौसेने बोलत नव्हता. मग त्याने खुर्ची ओढली, बसला, आणि आवाज उतरवून म्हणाला, “हे बघ. मला यातलं कळत नाही, तुला कळतं. तू शोधून काढ काय चुकलं ते. आणि मग मला तुझ्या तोंडाने सांग, की हो, आता पट्ट्यावर भरवसा ठेवता येईल. लेक म्हणून नको सांगू, प्रोफेसर म्हणून सांग. मी स्वतः तिला उचलून तिच्या घरी नेऊन ठेवीन. परत तोंडातून अवाक्षर काढणार नाही.”

“जाऊ द्या ना आता,” वहिनी म्हणाली. या वेळी मात्र भांडण खरंच गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडेबाईने सुट्टी टाकली आणि आईच्या पलंगाशी येऊन बसली. आधी तिने तिचे केस विंचरून दिले, मग विचारलं. रागावून नाही, विभागात जसं विचारतात तसं. पट्टा का काढला होतास?

“धडधड सुरू झाली होती,” आई म्हणाली.

“म्हणजे नेमकी तेव्हाच काढलास?”

“तेव्हाच काढते. धडधड झाली की काढायचा, चमच्यांत ठेवायचा, जरा पडायचं. बरं वाटलं की परत बांधायचा. नाहीतर तो लगेच तुला जाऊन सांगतो. मग तू वर्ग टाकून धावत येतेस, तोंड हे एवढंसं झालेलं. मग दादाला कळवतेस. तो येतो आणि न बोलता बसून राहतो, ते आणखी वाईट. मग दवाखाना. सगळ्यांचा दिवस वाया.”

“अगं, पण त्याच वेळी तर तो हवा असतो.”

“तुला हवा असतो,” आई म्हणाली. “आणि तुझ्या अभ्यासात माझे वाईट आकडे कशाला? लोक म्हणतील, बाईची स्वतःची आईच धड नाही. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घर आवरतो की नाही? तसंच.”

आकडेबाईला हसू आलं, आणि मग ते चेहऱ्यावरच विसरून राहिलं, कारण तिच्या मनात आलं की ही सवय एकट्या आईलाच असेल कशावरून?

विभाग दुसऱ्या मजल्यावर होता, पूर्वी टंकलेखनाचे वर्ग भरत त्या खोलीत. भिंतीवर बोटांच्या ठेवणीचा तक्ता अजून तसाच होता. तीन-चार संशोधक विद्यार्थी डबे उघडून बसले होते, ते तिला पाहून उठले. आईची चौकशी झाली. तिने त्यांना बसायला सांगितलं आणि आपल्या संगणकापुढे बसली.

पट्टा हातावर नसला की आकड्यांत फट पडते. सुरुवातीच्या दिवसांत या फटींनी उच्छाद मांडला होता. म्हातारा अंघोळीला गेला, की मुलाच्या फोनवर रेघ तुटलेली दिसायची आणि मुलगा कामावरून सुटायचा तो थेट घरी. एक जण तर बहिणीच्या लग्नाची बोलणी टाकून पळत आला होता, आणि वडील दाराशी टॉवेल गुंडाळून उभे. तेव्हा आकडेबाईनेच तोड काढली होती. फट पडली तर त्या माणसाची एरवी त्या वेळी जी नाडी असते, ती सरासरी काढून तिथे भरायची. आधी ही भर फिकट रंगात दाखवायचे. फिकट का, म्हणून घरची माणसं विचारायला लागली, तेव्हा तिनेच सांगितलं, एकच रंग करा, उगाच कुणाला धसका नको. तिला तेव्हा ती माणुसकी वाटली होती. आईचं ते हिरवं ‘आराम’ याच भरीतून आलं होतं.

आता तिने भर काढून टाकली. राहिल्या नुसत्या फटी. मग प्रत्येक फटीच्या अलीकडे काय होतं ते पाहायला सुरुवात केली. एका माणसाचं पाहिलं, दुसऱ्याचं पाहिलं. नाडी पळायला लागते, अडखळते, आणि फट. पुन्हा नाडी अडखळते, आणि फट. सगळीकडेच असं होतं असं नाही, काही फटी खरोखर अंघोळीच्या होत्या. पण जसजसे महिने गेले होते तसतशा फटी लवकर पडू लागल्या होत्या, लाल ठिपका उमटण्याच्या जरा आधीच. माणसं शिकली होती.

याच अभ्यासाचा निष्कर्ष छापून आला होता, की पट्टा बांधल्यापासून लाल ठिपके महिन्यागणिक घटत गेले, म्हणजे माणसांच्या तब्येती सुधारल्या. लोकांनी वाहवा केली होती. आरोग्य खातं आता एकट्या राहणाऱ्या सगळ्याच म्हाताऱ्यांना पट्टे वाटणार होतं. ठिपके घटले नव्हते. ते घरोघरच्या खणांत, उशांखाली, साबणाच्या डब्यांत जाऊन पडले होते.

डबे खाणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, “मॅडम, चहा सांगू?” ती हो म्हणाली, आणि चहा आला तसाच गार झाला.

खात्री करायची म्हणून ती अभ्यासातल्या एका माणसाकडे गेली. ते निवृत्त मुख्याध्यापक होते, सगळे त्यांना हेडसर म्हणत. बायको वारलेली, मुलगी परगावी. त्यांनी दार उघडलं, हातावर पट्टा नव्हता. तो त्यांनी घाईने बुशकोटाच्या खिशातून काढून बांधला, आणि मग स्वतःच हसले.

ते लपवणारे गृहस्थ नव्हते. विचारल्यावर त्यांनी सरळ सांगून टाकलं. जन्मभर मुलांच्या प्रगतिपुस्तकावर शेरे मारले, आता त्यांचं स्वतःचं प्रगतिपुस्तक दर तासाला मुलीच्या हातात पडतं. शेरा वाईट असला की ती फोनवर रडते, रजा काढते, जावयाचं आणि तिचं वाजतं. त्यापेक्षा नापासाच्या दिवशी गैरहजर राहिलेलं बरं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वर्गातली बेरकी मुलं असंच करायची.

“महिन्याला नर्स येते तिला सांगतो ना,” ते म्हणाले. “तिला सगळं सांगतो. ती घाबरत नाही. नाडी बघते, ‘सर, मीठ कमी करा’ म्हणते, आणि जाते.” मग त्यांनी बशीतलं बिस्किट तिच्याकडे सरकवलं. “पण ती आता यायची बंद होणार म्हणतात. पट्टे आले, मग नर्स कशाला, असं काहीतरी. खरं का हो?”

“मला नक्की माहीत नाही,” आकडेबाई म्हणाली. तिला नक्की माहीत होतं. घरभेटी कमी करता येतील ही ओळ तिच्याच अहवालात होती, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात.

विभागप्रमुखांना सांगायला ती गेली तेव्हा ते खिडकी उघडायचा प्रयत्न करत होते. खिडकी काही उघडली नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही, आणि मग समजुतीच्या स्वरात बोलले. फटी सगळ्यांच्याच अभ्यासात असतात. आईच्या आजारपणाने तिचं मन हळवं झालंय, तेही स्वाभाविक आहे. पुढच्या अभ्यासात हा मुद्दा घेता येईल, चांगला मुद्दा आहे. फोनवर बसणाऱ्या मुली कंत्राटावर आहेत, त्यांचाही विचार करायला हवा. झाकली मूठ सव्वा लाखाची, तेव्हा झाकलीच राहू द्यावी.

“सर, माणसं मरतील.”

“माणसं तशीही मरतात हो,” ते म्हणाले. त्यात निर्दयपणा नव्हता. ते दमलेले होते. “तुम्ही निष्कर्ष मागे घेतलात तरी वाटप थांबणार नाही. पट्टे बनून गोदामात येऊन पडलेत. नर्सबाईंची पदं रिकामीच आहेत, ती भरायची नाहीत म्हणून तर पट्टे. तुमचा निष्कर्ष नसता तर दुसऱ्या कुणाचा घेतला असता. तुम्ही बाजूला झालात तर अहवालावर माझं एकट्याचं नाव राहील, एवढाच फरक.”

तिने तरी लिहिलं. ज्या नियतकालिकाने निबंध छापला होता त्याला लिहिलं, आरोग्य खात्याला लिहिलं, फटींचे तक्ते जोडले. छापणाऱ्यांनी विचार करून कळवू म्हटलं. खात्याने आपल्या सूचनेबद्दल आभार मानले. चार दिवसांनी विभागात तिच्या टेबलावरचा संगणकाचा दुसरा पडदा उचलून नवीन मुलाकडे दिलेला दिसला. चहा विचारणाराही विचारेनासा झाला.

घरात हे तिने फक्त नवऱ्याला सांगितलं. तो भांडी पुसत होता. त्याने एक ताट पुसलं, ते पुसलेल्यांच्या ढिगात ठेवायच्या ऐवजी परत ओल्यात ठेवलं, आणि म्हणाला, “मग आता आईंचं काय?”

“तेच तर.”

एवढ्या दिवसांत आई वॉकर धरून खोलीभर चालायला लागली होती. बाथरूमपर्यंत जायची, परत यायची, आणि पलंगावर बसून ओठांवरचा घाम टिपत म्हणायची, बघ, जमतंय. नात तिला टाळ्या वाजवायची. नातीने स्वतःची खोली कायमची द्यायची तयारी दाखवली होती, पण आजी म्हणाली, “तुझ्या खोलीतून आभाळ दिसतं. मला माणसं दिसायला हवीत.” चौथ्या मजल्याच्या खिडकीतून माणसांचे नुसते डोक्यांचे ठिपके दिसत.

मग एका संध्याकाळी आकडेबाई एकटीच दादाने सांगितलेली जागा पाहून आली. जागा वाईट नव्हती, तेच वाईट होतं. लांब खोली, दोन्ही बाजूंनी खाटा, फरशा खरंच घसरत नव्हत्या. व्यवस्थापिकेने तिला नावावरून ओळखलं आणि हात हातात घेतले. दिसेल त्या मनगटावर तोच पट्टा होता, संस्थेने विकत घेतलेला. “तुमचा पट्टा आल्यापासून फार सोपं झालंय हो,” ती कौतुकाने म्हणाली. “रात्रपाळीला आता एकच बाई पुरते.” कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी बसली होती. आकडेबाईने तिच्याकडे पाहिलं तशी तिने स्वेटरची बाही हळूच ओढून बोटांपर्यंत खाली आणली.

निदान शेजारच्या खाटेवर कुणीतरी असेल. पडली तर धप्पकन आवाज होईल आणि तो कुणाच्या तरी कानावर पडेल. बसमध्ये खिडकीशी बसून आकडेबाईने हिशेब केला, आणि हाताशी एवढंच उरलं.

रविवारी दादा येणार होता. त्याच्या आधी, दुपारी, आईने तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घे म्हणाली. जणू या घरात त्याचा उपयोग होता.

“आज तो विचारेल,” आई म्हणाली.

“हो.”

“मग सांग ना त्याला, चालतो म्हणून.”

“आई, चालत नाही.”

“तुला माहीत आहे चालत नाही. त्याला कुठे माहीत आहे? तो तुझ्या शब्दावर आहे. एक शब्द टाक, बस्स.” मग तिने आवाज आणखी खाली आणला. “मी काढणार नाही पट्टा. शपथ घेते.”

“काढशील.”

आईने पांघरुणाची घडी सरळ केली.

“काढीन,” ती म्हणाली. “पण माझ्या घरात काढीन. पडले तर माझ्या फरशीवर पडेन. त्यात तुझं काय जातं?”

याचं उत्तर आकडेबाईकडे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. वडील आत पडले होते आणि ती बाहेर हसत होती. पुन्हा तसंच कुठेतरी हसत असताना फोनवर ‘आराम’ वाचायचं, आणि या वेळी जाणूनबुजून वाचायचं, तेवढी ताकद तिच्यात नव्हती. शिवाय जे हेडसरांच्या मुलीला सांगणं भाग होतं, ते स्वतःच्या भावाला कसं लपवायचं? सगळ्या जगाला लिहून मोकळी झाली होती, की हा पट्टा भरवशाचा नाही, आणि घरात दादासमोर उलट बोलायचं. आई म्हणेल, घरात खोटं बोलायला काय होतं, घर असतं कशाला मग. आईचंही खरं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

“विचार कर,” आई म्हणाली. “जन्मभर मी लोकांचे फोन जोडून दिले, माझा एक तू जोडून दे, एवढंच मागतेय.” आणि तिने कूस बदलायचा प्रयत्न केला, जो अजून जमत नव्हता.

दादा आला तो हसतमुख आला. येताना त्याने आईच्या कुंड्यांना पाणी घातलं होतं, तिच्या घराचे पडदे धुऊन लावले होते, बाथरूमच्या भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतला होता. वहिनीने आईसाठी मऊ चपला आणल्या होत्या. त्याला वाटलं होतं, इतके दिवस बहीण खपतेय, म्हणजे काहीतरी शोधून काढलंच असणार. हरायची तयारी करून आला होता तो, आणि हरायला मिळणार म्हणून त्याचा चेहरा उजळला होता.

जेवायला सगळे एकत्र बसले. आई वॉकरने स्वतः चालत टेबलापर्यंत आली आणि खुर्चीत टेकली. जावयाने उशी दिली. नातीने दांडा कुठल्या उंचीवर लावला ते विचारलं. दादाने हाताने दाखवलं, म्हणाला, अख्खा हत्ती लोंबकळला तरी उखडायचा नाही. आई म्हणाली, हत्ती नको, मीच पुरे. सगळे हसले. आकडेबाई वाढत होती.

“हं, आकडेबाई,” दादा म्हणाला. ताटावरून मान वर करून त्याने तिच्याकडे पाहिलं. “बोल आता. ठेवायचा भरवसा? हो म्हण, उद्या सकाळी हिला घरी सोडतो.”

आई तिच्याकडे बघत होती. नोकरीत असताना, दोन माणसांच्या मधे तार हातात धरून, पलीकडून कुणी फोन उचलतंय का याची वाट पाहताना बघत असेल, तशी.

आकडेबाईने भाताचं भांडं टेबलावर ठेवलं, त्यावर झाकण ठेवलं, झाकण नीट बसलंय का पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “पट्टा चालत नाही. कुणाचाच चालत नाही. आई तिच्या घरी जाणार नाही. उद्या सकाळी आपण तिला दादाने पाहिलेल्या जागी पोचवतोय. खुर्ची खाली उतरवायला दोन माणसं सांगून ठेवली आहेत.”